बेवारशी शब्द

मराठींतील तीन नामांकित लेखक हयातींत लिहीत होते त्याहून अधिक आतां मृत्यूनंतर लिहूं लागले आहेत. कुसुमाग्रज १९९९ सालीं वारले, पु. ल. देशपांडे २००० सालीं आणि व. पु. काळे २००१ सालीं. व्हॉट्सॲप नांवाचें साधन जन्मास आलें तें २००९ सालीं. म्हणजे या तिघांपैकीं एकानेंहि तें डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. असें असूनहि त्यांच्यापैकीं कोणाचें ना कोणाचें नवें वचन आल्याशिवाय माझी सकाळ उजाडत नाहीं. पु. ल. सुनेशीं कसें वागावें हें सांगतात, व. पु. चहा आणि मैत्री यांचें नातें उलगडतात, आणि कुसुमाग्रज निवृत्तीनंतर गुडघ्यांची निगा कशी राखावी यावर चार कडवीं करतात. हें वाचून ज्याला हंसूं येत नाहीं त्यानें या तिघांचें एकहि पुस्तक उघडलेलें नसावें. आणि ज्याला हंसूं येतें त्यानेंहि बहुधा तें वचन दुसऱ्या दोघांना पाठविलेलें असतें. माझी तक्रार या दुसऱ्या माणसाविषयीं आहे.

परंतु त्याआधीं एका रूढ रडगाण्याचा निकाल लावला पाहिजे. इंटरनेट आलें आणि वाचन बुडालें, तरुण पिढी बिघडली, ग्रंथालयें ओस पडलीं, हा सूर व्याख्यानमालांतून आणि विशेषतः साहित्यसंमेलनांच्या मांडवांतून गेलीं कित्येक वर्षें ऐकूं येत आहे. मला तो मान्य नाहीं. वाचन बुडालेलें नाहीं. माझ्या आत्यानें उभ्या आयुष्यांत पंचांग आणि पोथी यांपलीकडे फारसें कांहीं वाचलें नव्हतें. ती आतां ऐंशीव्या वर्षीं दिवसाकाठीं तीन-चार तास वाचीत असते. तरुणांविषयीं म्हणाल, तर गेलीं एकतीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत आहें, आणि माझा अनुभव असा कीं, ज्या रोगाविषयीं मी लिहीत आहें तो त्यांना फारसा जडलेला नाहीं. ते अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहतात हें खरें; पण ती चित्रफीत कोणाची आहे हें त्यांना ठाऊक असतें, आणि एकानें दुसऱ्याची चाल चोरली तर ते त्याला भर बाजारांत उघडें पाडतात. त्यांचे रोग निराळे आहेत, त्यांवर त्यांच्यापैकींच कोणीतरी लिहावें. हा रोग आमचा आहे: पन्नाशी उलटलेल्या, पदवीधर, निवृत्तिवेतन किंवा त्याची आशा असलेल्या, आणि पुस्तकांचें कपाट दिवाणखान्यांत दर्शनी ठेवणाऱ्या वर्गाचा.

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे. पुण्यापासून बोस्टनपर्यंत पसरलेले ऐंशीवर सभासद त्यांत आहेत. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, बँकांतले निवृत्त अधिकारी, असा सगळा जमाखर्च सुशिक्षितांचाच. एका रविवारीं मीं मुद्दाम हिशेब ठेवला. दिवसभरांत शंभरावर निरोप आले. पाठविणारानें स्वतःच्या बुद्धीनें आणि स्वतःच्या बोटांनीं लिहिलेले निरोप त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतहि बहुतेक वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाकीचे सगळे कोठून तरी आलेले आणि कोठें तरी निघालेले. आमचें घराणें ही त्यांच्या वाटेवरची एक धर्मशाळा. त्यांत मधुमेहावर जांभळाच्या बियांचा उपाय होता, शिवकालीन म्हणून एका किल्ल्याचें वर्णन होतें, आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनें जगांत सर्वश्रेष्ठ ठरविल्याची वार्ता होती (युनेस्कोनें ही वार्ता खोटी असल्याचें कधींच सांगून टाकलें आहे, तरी ती नेमानें परत येते, जणुं श्रावणांतला एखादा सणच), आणि अर्थात् पु. ल. होते. एका निरोपाखालीं तळटीप होती: ‘जसें आलें तसें पुढें पाठवीत आहे.’

या तळटिपेकडे वाचकांनीं क्षणभर बारकाईनें पहावें. इतक्या थोड्या शब्दांत इतकी प्रशस्त पळवाट मराठींत आजवर कोणीं बांधली असेल असें मला वाटत नाहीं. तिचा अर्थ असा: हें मीं लिहिलेलें नाहीं, तपासलेलें नाहीं, कदाचित् शेवटपर्यंत वाचलेलेंहि नाहीं, खरें निघालें तर कळविल्याचें पुण्य माझें, खोटें निघालें तर पाप ज्यानें मला पाठविलें त्याचें. आणि ज्यानें पाठविलें तोहि हेंच म्हणत असतो. असें मागें मागें जात राहिलें तर शेवटीं कोणीच उरत नाहीं. चोरीचा माल विकणारा ‘जसा आला तसा विकला’ एवढें म्हणून न्यायालयांतून सुटत नाहीं. आमचे एक चुलतबंधु बँकेंत रोखपाल होते. छत्तीस वर्षें त्यांनीं हातीं आलेली प्रत्येक मोठी नोट उजेडाकडे धरून पाहिली, संशय आला तर गिऱ्हाईक कितीहि ओळखीचें असो, नोट बाजूला काढली. खोटी नोट पुढें जाऊं देणारा हा खोटी नोट छापणाराचा भागीदार, असें ते आम्हां मुलांना सांगत. तेच गृहस्थ आज दिवसाला तीस निरोप उजेडाकडे न धरतां पुढें ढकलतात. त्यांची नजर अधू झालेली नाहीं. नोटेला मोल आहे आणि शब्दाला नाहीं, एवढाच समज त्यांच्या मनांत कोठेंतरी बसला असावा.

या निरोपांना कोणा विनोदी माणसानें ‘ढकलपत्र’ असें नांव दिलें आहे. नांव मोठें मार्मिक आहे, कारण त्यांत पत्र असतें तें नांवालाच. खरी क्रिया ढकलण्याची. पत्राला वर गांव आणि तारीख असते, खालीं सही असते. ढकलपत्राला यांतलें कांहीं नसतें. २०१८ सालापासून त्याच्या माथ्यावर तें ढकलून आलेलें आहे एवढी खूण दिसूं लागली, आणि फारच हिंडलेल्या निरोपावर पुढें दुहेरी बाण येऊं लागला. पण ही खूण माल फिरता आहे एवढेंच सांगते. निघाला कोठून हें सांगत नाहीं. शिवाय मजकूर उचलून नव्यानें चिकटविला कीं तीहि खूण जाते, आणि ही युक्ति आमच्या घराण्यांतील ज्येष्ठांनीं फार लवकर आत्मसात केली आहे.

कोणी म्हणेल, वाक्य चांगलें असलें म्हणजे झालें, बोलणाराशीं काय कर्तव्य? महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मी जें सांगतों तेंच येथें सांगावें लागेल. वाक्याचा अर्धा अर्थ शब्दांत असतो आणि अर्धा तें कोण बोलतो त्यांत. ‘मरणाला मी भीत नाहीं’ हें वाक्य फांसावर चढणारानें उच्चारलें तर एक अर्थ होतो, विमा विकणारानें उच्चारलें तर दुसरा. बोलणारा काढून घेतला कीं तें वाक्य अर्धें मरतें. आणि खोटा बोलणारा चिकटविला तर त्याहून वाईट होतें: थोर लेखकाच्या नांवावर खपविलेलें प्रत्येक वाक्य हें त्याच्या पतीवर उचललेलें कर्ज असतें, आणि तें फेडावयास तो बिचारा जिवंत नसतो. दोन वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका हुशार मुलीनें मला विचारलें, “सर, पु. ल. हे प्रेरणादायी वक्ते होते ना?” तिच्या घरीं पु. लं.चें एकहि पुस्तक नव्हतें. तिच्या वडिलांच्या मोबाइलमध्यें मात्र पु. ल. रोज येत होते. ज्या माणसानें असल्या उपदेशकांची जन्मभर टर उडविली, त्याला आम्हीं मेल्यावर उपदेशकांच्या रांगेंत नेऊन बसविलें.

येथें लोकसाहित्याचे अभिमानी मला अडवितील, आणि त्यांचा आक्षेप वजनदार आहे. जात्यावरच्या ओव्या कोणीं रचल्या? भोंडल्याचीं गाणीं, उखाणे, म्हणी यांचा कर्ता कोण? निनांवी वाङ्मय हें तर मराठीचें मूळ धन. मग आजच्या निनांवी निरोपांनींच काय पाप केलें? उत्तर असें कीं, जात्यावर बसलेली बाई ओवी जशी आली तशी पुढें ढकलीत नसे. ती तींत आपल्या भावाचें नांव घाली, माहेरची वाट घाली, आणि सासूचा उल्लेख मोठ्यानें करावा कीं हळू याचाहि विचार करी. ओवी तिच्या तोंडून निघे तेव्हां ती तिची झालेली असे, आणि समोर खुंटा धरून बसलेल्या जावेला ती कोणाच्या तोंडून निघाली हें दिसत असे. म्हणीचा कर्ता ठाऊक नसला तरी म्हण वापरणारा समोर असतो, आणि ती भलत्या जागीं वापरली तर होणारा हंशा त्यालाच सोसावा लागतो.

संत तर निनांवी नव्हतेच. अभंगाच्या शेवटीं आपली मुद्रा उमटविण्याची त्यांची पद्धति होती. ज्यांनीं अहंकार सोडा म्हणून जन्मभर सांगितलें त्यांनींच प्रत्येक अभंगांत स्वतःचें नांव घातलें, कारण आपल्या शब्दामागें स्वतः उभें राहणें याला अहंकार म्हणत नाहींत हें त्यांना कळत होतें. मान्य आहे कीं, या मुद्रेचाहि दुरुपयोग झाला. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. भाविकांनीं आणि नकलनविसांनीं आपल्या पदरचें पुष्कळ कांहीं थोरांच्या ग्रंथांत घुसडलें. तेव्हां रोग जुनाच आहे, आधुनिक यंत्रावर सगळें खापर फोडून मला मोकळें व्हावयाचें नाहीं. परंतु जुन्या समाजानें रोगाबरोबर वैद्यहि निर्माण केले. ज्ञानेश्वरीची प्रत भ्रष्ट झालेली पाहून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ती शुद्ध केली. आणि यापुढें जो तींत स्वतःची ओवी घालील तो अमृताच्या ताटांत नरोटी ठेवील, असें बजावून ठेवलें. भागवतावर एवढा विस्तीर्ण ग्रंथ लिहिणाऱ्या पुरुषाला ओव्यांची काय वाण होती? तरी दुसऱ्याच्या ग्रंथांत आपली भर घालणें त्याला आगळीक वाटली. १८६९ सालीं मुंबई सरकारनें २४,००० रुपयांचें साह्य देऊन तुकारामांची गाथा संपादवून घेतली, तेव्हां विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं देहू, तळेगांव, कडूस, पंढरपूर येथल्या प्रती मिळवून त्या ताडून पाहिल्या. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढावयास १९१९ सालीं आरंभ केला, तो १९६६ सालीं संपविला. १,२५९ हस्तलिखितें तपासलीं गेलीं. मुख्य संपादक डॉ. सुखठणकर १९४३ सालीं वारले. काम पुरें झालेलें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. कोणतें वाक्य व्यासांच्या ग्रंथांतलें आणि कोणतें मागाहून चिकटविलेलें, एवढें ठरविण्यासाठीं विद्वानांच्या दोन पिढ्या खर्चीं पडल्या. त्याच संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारे माझे एक नातेवाईक श्रीकृष्णाचें म्हणून रोज असें कांहीं वचन पाठवितात, कीं तें ऐकून अर्जुनानें धनुष्याऐवजीं जपमाळ उचलली असती.

जुन्या नकलनविसाला दुसऱ्याच्या ग्रंथांत चार ओव्या घुसडावयाच्या तर आधीं चार हजार ओव्या हातानें उतरून काढाव्या लागत. श्रम हीच त्या काळीं एक चाळणी होती. आज अंगठ्याच्या एका हालचालीनें ऐंशीं माणसांपर्यंत मजकूर पोंचतो, आणि चाळणी म्हणून आपल्या मनाखेरीज कांहीं शिल्लक राहिलेलें नाहीं.

दुसरा आक्षेप सौम्य आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. ‘असूं द्या हो, कोणाचें काय बिघडतें?’ कोणाचें बिघडतें तें मला ठाऊक आहे, कारण तें मींच बिघडविलें होतें.

२०१७ सालीं आमच्या महाविद्यालयांतील एक सहकारी अकालीं वारले. शोकसभेंत मीं बोललों, आणि शेवटीं एका दिवंगत थोर कवीची म्हणून आठ ओळींची एक कविता वाचली. ती मला चार दिवसांपूर्वीं मोबाइलवर आली होती. कविता चांगली होती. सभेंत दोघां-तिघांनीं डोळे पुसले. त्या कवीचा समग्र काव्यसंग्रह माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला, दुसऱ्या फळीवर होता. खुर्चीवरून न उठतां हात पोंचेल इतक्या अंतरावर. मीं हात लांबविला नाहीं. जो मनुष्य विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत संदर्भाचें एक पान चुकलें तर लाल रेघ ओढतो, त्याला शोकसभेपूर्वीं दोन मिनिटांची सवड झाली नाहीं. सभा संपल्यावर चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्या दिवंगत सहकाऱ्याच्या नात्यांतल्या, एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत शिकविणाऱ्या. म्हणाल्या, “सर, कविता छान वाचलीत. ती माझी आहे. माझे वडील गेले तेव्हां लिहिली होती.” त्यांनीं एका लहानशा दिवाळी अंकाच्या पानाचें छायाचित्र दाखविलें, वर साल होतें २०१४, खालीं त्यांचें नांव. मीं क्षमा मागितली. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. त्या म्हणाल्या, “आतां सवय झाली, सर. मी एका ग्रुपवर सांगून पाहिलं, तर तिथले एक गृहस्थ म्हणाले, ताई, एवढ्या मोठ्या कवीची कविता स्वतःच्या नांवावर खपवूं नका.”

हें वाक्य ऐकल्यापासून ‘काय बिघडतें’ हा प्रश्न मला सोसवत नाहीं. एका बाईनें बापाच्या मरणांतून आठ ओळी कमावल्या. आम्हीं त्या तिच्यापासून काढून घेतल्या, ज्याला गरज नव्हती त्या श्रीमंताच्या पदरांत टाकल्या, आणि वर तिलाच चोर ठरविलें. असें सर्वत्रच चाललें आहे. २००० सालीं गाब्रिएल गार्सिया मार्केझ आजारी असतांना त्यांची जगाला निरोप देणारी म्हणून एक कविता इंटरनेटवरून देशोदेशीं पसरली; पेरू देशांतील एका वृत्तपत्रानें ती छापलीहि. वस्तुतः ती जॉनी वेल्च नांवाच्या मेक्सिकोंतील एका शब्दभ्रमकारानें आपल्या बाहुल्यासाठीं लिहिलेली होती. आजारापेक्षां असली कविता आपण लिहिली असें लोकांना वाटेल या लाजेनेंच आपण मरूं, अशा अर्थाचें मार्केझ बोलले. त्यांच्या या उद्गाराला पुष्कळ लोक हंसले. त्या बाहुलीवाल्याच्या मनाला काय वाटलें असेल याचा विचार करणारे थोडे.

आतां आमच्याच वाडवडिलांची एक गोष्ट. केसरी १८८१ सालीं निघाला. दुसऱ्याच वर्षीं, कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर छत्रपतींच्या छळाचा आरोप करणारे लेख केसरी आणि मराठा या दोन्ही पत्रांतून आले. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारावर ते लिहिले होते तो दुसऱ्यांकडून हातीं आलेला होता. टिळक आणि आगरकर यांनीं तो खरा मानला होता, आणि त्यांचा हेतु शुद्ध होता याविषयीं कोणालाच शंका नाहीं. पत्रें बनावट ठरलीं. दोघांनीं माफी मागितली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. दोघांनींहि तेव्हां पंचविशी नुकतीच ओलांडली होती. ‘जसें आलें तसें छापलें’ असें म्हणण्याची सोय त्यांनाहि होती, आणि त्यांच्या बाबतींत तें अक्षरशः खरेंहि होतें. पण ज्या कागदावर आपलें नांव आहे त्या कागदावरील मजकुराचें पाप आपलें, ही रीत त्यांना कोणी शिकवावी लागली नाहीं. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तक लिहिलें तें स्वतःच्या नांवानें. त्यांच्या तसबिरी ज्यांच्या घरीं आहेत, आणि आमच्या घराण्यांत तशीं घरें पांच तरी आहेत, त्यांच्या हातून आज रोज जें पुढें जातें त्याबद्दल तुरुंग राहो, साधी दिलगिरीहि कोणाला वाटत नाहीं. खोटें निघाल्याचें दाखविलें तर ‘असेल’ एवढें म्हणून पुढचा निरोप येतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें लहान गांव आहे. त्या दिवशीं तेथें आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजांतील कांहीं माणसें, बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतलीं, भिक्षा मागत तेथें पोंचलीं होतीं. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे असे निरोप त्याआधीं कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. या माणसांपैकीं एकजण एका लहान मुलीशीं बोलला, एवढें निमित्त झालें. जमावानें त्यांना धरलें, ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें, आणि तेथें पांच जणांना ठेचून मारलें. तो निरोप कोणीं लिहिला होता? कोणीच नाहीं. सगळ्यांना तो ‘आला’ होता. पुढें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधु आणि त्यांचा गाडीवान अशाच अफवेच्या दिवसांत जमावाच्या हातून मारले गेले.

माझे मित्र म्हणतील, कवितेखालचें नांव पुसणें आणि माणूस ठेचणें यांना एकाच तागडींत घालतां काय? मी घालीत नाहीं. राईनपाड्याच्या जमावांत आमच्यासारखे पेन्शनर नव्हते, आणि गुन्हा करणारांचा गुन्हा आमच्या अंगावर ओढून घेण्याची हौस मला नाहीं. पण २०१८ सालीं मुलें पळविण्याच्या भीतीची जी चित्रफीत देशभर फिरली, तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यांत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात, एवढें तींत दिसे. ती मूळची कराचीची. पालकांनीं मुलांकडे लक्ष ठेवावें म्हणून तेथील एका संस्थेनें मुद्दाम बनविलेली. तिच्या शेवटीं ते दोघे परत येतात, मूल सुखरूप खालीं ठेवतात, आणि हातांतला फलक उघडून ही सूचना कशासाठीं आहे तें सांगतात. कोणीतरी तो शेवट कापला. राहिली ती नुसती भीति. शेवटचें पान फाडणें, सही पुसणें, गांव आणि तारीख काढून टाकणें, ही कला त्या अज्ञात माणसानें वापरली. आणि तिचा सराव आम्ही सभ्य लोक कवितांवर, श्लोकांवर आणि काढ्यांच्या कृतींवर रोज करीत असतों. घेणाराला ‘हें कोणाचें?’ असें विचारण्याची संवय असती तर ती चित्रफीत दहा घरांपलीकडे गेली नसती. ती संवय मोडण्याचें काम अशिक्षितांनीं केलें नाहीं. शाळा, वृत्तपत्रें आणि ग्रंथालयें ज्यांच्या हातीं होतीं त्यांनीं तें केलें.

कंपनीनें कांहीं करावें, सरकारनें कांहीं करावें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. कंपनीनें त्याच जुलै महिन्यांत आपल्या देशापुरतें एका वेळीं पांच ठिकाणांहून अधिक ठिकाणीं निरोप ढकलतां येणार नाहीं असें ठरविलें, पुढच्या जानेवारींत तें जगभर लागू केलें, आणि २०२० सालीं फार हिंडलेल्या निरोपाला एका वेळीं एकच दार मोकळें ठेवलें. ठीक आहे. ज्याला पाठवावयाचेंच आहे तो पांच-पांचाच्या खेपा करतो; आमच्या चुलतबंधूंनीं त्यासाठीं दुपारची झोंप सोडली आहे. सरकारच्या हातीं कात्री द्यावी असें म्हणणारांत मी नाहीं. ती कात्री पहिल्यांदा कोठें चालते हें इतिहासाच्या कोणत्याहि अध्यापकाला विचारावें.

मी स्वतः त्या शोकसभेपासून एवढेंच करतों, कीं ग्रुपवर कांहीं आलें म्हणजे खालीं एकच शब्द लिहितों: ‘कोणाचें?’ पहिले कांहीं महिने लोकांना तें कौतुक वाटलें. मग उत्तरें बंद झालीं. चुलतबंधूंनीं माझें नांव हेडमास्तर असें ठेवलें, आणि दोघांनीं माझ्याविना दुसरा ग्रुप काढला, जेथें म्हणे वातावरण फार प्रसन्न असतें. आत्यानें तर फोनच केला. म्हणाली, “अरे, चांगलं आहे ना? मग कोणाचं का असेना! तुला पीएच.डी. झाल्यापासून साधं कांहीं वाचतांच येईनासं झालंय.” मीं विचारलें, “आत्या, तुझ्या हरिविजयाच्या पोथींत मीं माझ्या चार ओव्या घातल्या तर चालतील?” ती थोडा वेळ गप्प राहिली. “तें निराळं,” म्हणाली, आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी करूं लागली.

त्या शिक्षिका बाईंचा पत्ता मिळवून मीं त्यांना हातानें पत्र लिहिलें होतें, आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांत ती कविता त्यांच्या नांवानें, मूळ अंकाचा उल्लेख करून छापविली. गेल्या महिन्यांत ती आमच्या ग्रुपवर पुन्हा आली. या खेपेस ती तिसऱ्याच एका कवीच्या नांवावर होती, आणि मागें सूर्यास्ताचें चित्र होतें. मीं खालीं बाईंचें नांव लिहिलें, अंकाचें नांव आणि साल लिहिलें, वार्षिक अंकाच्या पानाचें छायाचित्रहि जोडलें. त्यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं जोडलेले दोन हात पाठविले, आणि पांच मिनिटांनीं ती कविता, सूर्यास्तासह, कवीच्या त्याच नांवानें, माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन दाखल झाली.